मंदीत सरकारने हात आखडू नये

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली असते. कर्जाला भिणारा आणि मिळकतीच्या आत खर्च बसवणारा गृहस्थ समाजात शहाणा ठरतो व ते योग्यच आहे. परंतु हाच न्याय सरकारला लावून, मंदी आली की 'महसूल घटला, आता सरकारनेही काटकसर करावी' असा जो उपदेश केला जातो, तो वरकरणी कितीही शहाणपणाचा वाटला तरी घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण उघड आहे. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. गोव्यातील वाचकाला हे कळण्यासाठी अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडण्याची गरज नाही. २०१२ साली राज्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा केवळ खाणमजूर घरी बसला नाही. ट्रक दारात उभे राहिले, बार्जी नदीत नांगरून पडल्या, गॅरेजे ओस पडली, खाणपट्ट्यातील खानावळींची गिऱ्हाइके आटली. खाणी बंद होण्यात दोष कोणाचा, हा वेगळा प्रश्न. पण एक चाक थांबले की त्याला जोडलेली दहा चाके कशी थांबतात, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

मंदीत हेच देशाच्या पातळीवर घडते. लोक धास्तीने खरेदी टाळतात, दुकानदार माल मागवत नाही, कारखानदार कामगार कमी करतो आणि बेकार झालेला कामगार खरेदी आणखी कमी करतो. प्रत्येक जण आपल्या घरापुरता शहाणपणाने वागतो. सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र अनर्थात होते. अशा वेळी दीर्घ मुदतीचे कर्ज काढून खर्च करू शकेल असे एकच घर उरते, ते म्हणजे सरकार. केन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली हाच विचार शास्त्रीय स्वरूपात मांडला.

अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९३३ साली रूझवेल्ट अध्यक्षपदी आले तेव्हा तेथील कामकरी वर्गातील जवळजवळ चौथा हिस्सा बेकार होता. सरकारने रस्ते, पूल, शाळा आणि वनीकरणाची कामे काढली. १९३५ साली सुरू झालेल्या एका योजनेनेच आठ वर्षांत सुमारे ८५ लाख लोकांना काम दिले. अर्थव्यवस्था सावरू लागली. परंतु १९३७ साली, दुखणे बरे झाले अशा समजुतीने, सरकारने खर्चाला कात्री लावली आणि त्याच सुमारास मध्यवर्ती बँकेनेही पतपुरवठा आवळला. वर्षभरात औद्योगिक उत्पादन सुमारे एक तृतीयांशाने कोसळले! पूर्ण रोजगार परतला तो महायुद्धाच्या प्रचंड सरकारी खर्चानंतरच. औषध अर्ध्यावर सोडल्याचा हा परिणाम होता.

आपल्याकडचा दाखला अधिक जवळचा आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर लाखो हात राबले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७९ पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. दुष्काळ आणि मंदी एक नव्हेत. पहिल्यात धान्य पिकत नाही, दुसरीत पिकलेले खपत नाही. पण दोन्हींत गरिबाची क्रयशक्ती नाहीशी होते आणि ती दानाने नव्हे, तर कामाच्या मोबदल्याने परत देता येते, हा त्या योजनेचा धडा आहे.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मात्र उरतोच. राज्याला नोटा छापता येत नाहीत आणि केंद्राच्या संमतीवाचून फारसे कर्जही काढता येत नाही. २०२० च्या महामारीत एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न, तेव्हाच्या पहिल्या अंदाजानुसार, २३.९ टक्क्यांनी घसरले. राज्यांचा महसूल आटला असताना वस्तू व सेवा कराच्या भरपाईबाबत महिनोन्‌महिने घोळ चालला आणि अखेर ऑक्टोबरात केंद्राने राज्यांसाठी १ लाख १० हजार कोटींचे कर्ज उभारण्याचे मान्य केले. हे शहाणपण आधी सुचते तर? मंदीत उशिरा आलेला रुपया अर्धाच उपयोगी पडतो.

याचा अर्थ तिजोरी उधळावी असा नव्हे. पैसा त्वरित खर्च होणाऱ्या कामांवर जावा आणि प्रथम गरिबाच्या हाती पडावा, कारण तोच तो लगेच बाजारात नेतो. खाजन शेतांचे बांध आणि मानशी दुरुस्त करणाऱ्या मजुराची मजुरी त्याच आठवड्यात म्हापशाच्या बाजारात पोहोचते. शिवाय शेत वाचते ते वेगळेच. उलट, उद्घाटनाचा फलक मिरवण्यासाठी बांधलेली वास्तू कंत्राटदाराचे घर भरते आणि कर्ज तेवढे नातवंडांसाठी मागे ठेवते. आणि बाजार सावरला की खर्च आवरण्याचे धैर्यही हवे. २००८ नंतर दिलेल्या सवलती आवरण्यास आपल्याकडे विलंब झाला आणि महागाईच्या आगीत त्यानेही तेल ओतले.

पावसाळ्यात पाणी साठवावे आणि उन्हाळ्यात ते सोडावे, हे बंधाऱ्याचे काम. आमची सरकारे भरभराटीच्या काळात पाणी वाहू देतात आणि उन्हाळ्यात दारे बंद करतात. ही उलटी रीत बदलली नाही, तर पुढच्या मंदीचा भारही ज्यांच्या अंगणात धान्याचे कोठार नाही, त्यांच्याच खांद्यावर पडेल.