व्यायाम हवा, पण कामाच्या वेळेत

कामाच्या ठिकाणी व्यायाम हवा, असे आता सरकारही म्हणते. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कर्मचाऱ्यांसाठी पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' योग आणला. चंद्रपूरच्या कचेरीत दिवसभर बसणाऱ्या बाईची मान-पाठ त्याने मोकळी होईल. चरबी घटायला तेवढे पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते. घरी चूल वाट पाहत असताना हा वेळ तिने कुठून आणायचा? तो पगारी वेळेतूनच मिळाला पाहिजे. शिवाय यश वजनकाट्यावर जोखू नये. चरबी घटून स्नायू वाढले, तर काटा हलतही नाही.

मग गडचिरोलीच्या जंगलात भर उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणारीचे काय? ती चालते, वाकते, ओझे वाहते. तिला व्यायामाची काय गरज, असे म्हटले जाते. पण पोटभर अन्न आणि विसावा नसेल, तर श्रमाने स्नायू कमावले जात नाहीत, झिजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. या मजूर बाईला कवायत नको. पाणी, सावली, विश्रांती आणि पोट भरेल अशी मजुरी हवी.

मैत्रिणींनो, कर्मचारी संघटनेत आणि ग्रामसभेत या दोन्ही मागण्या एकत्र मांडू या.