मण्यांच्या रंगांतून येशू सापडतो काय?

नाताळ किंवा ईस्टर जवळ आला, की कुठल्या ना कुठल्या नियतकालिकात अथवा दूरचित्रवाणीवर एक प्रश्न हमखास डोके वर काढतो : 'खरा येशू कोण होता?' प्रश्न रास्त आहे. पण पाठोपाठ येणारे उत्तर बहुधा ठरलेले असते. येशू नावाचा एक साधा गालिली उपदेशक होऊन गेला. पुढे अनुयायांनी त्याच्याभोवती चमत्कार रचले, त्याला देवत्व बहाल केले आणि चौथ्या शतकात एका रोमन सम्राटाने त्यावर शिक्कामोर्तब केले! कॉलेजात जाणारी आमची मुले हे वाचतात आणि जेवताना विचारतात, "मग आपण रविवारी चर्चमध्ये म्हणतो, ते सगळे नंतर रचलेले का?" मी ख्रिस्ती आहे, धर्मगुरू नाही आणि विद्यापीठातला पंडितही नाही. पण 'श्रद्धा ठेव, प्रश्न विचारू नकोस' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. मुलांना नीट उत्तर मिळायला हवे.

या विचारसरणीचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतला 'जीझस सेमिनार'. रॉबर्ट फंक यांनी तो 1985 साली सुरू केला. अभ्यासकांची मंडळी एकत्र बसत, येशूच्या एकेका वचनावर चर्चा करीत आणि शेवटी रंगीत मणी टाकून मतदान करीत. लाल मणी म्हणजे हे येशूने नक्की म्हटले; गुलाबी म्हणजे बहुधा म्हटले; करडा म्हणजे शब्द त्याचे नव्हेत, पण विचार जवळचा; आणि काळा म्हणजे वचन नंतरच्या लोकांचे. 1993 साली निकाल ग्रंथरूपाने आला. येशूच्या तोंडी असलेल्या वचनांपैकी 82 टक्के त्याची नव्हेत, असा तो निकाल होता. मार्काच्या संपूर्ण शुभवर्तमानात एकच वचन लाल ठरले : कैसराचे कैसराला द्यावे, हे.

आता हा निवाडा कोणत्या कसोटीवर झाला ते पाहू. अनेक कसोट्यांपैकी एक मोठी होती ती वेगळेपणाची. जे वचन त्या काळच्या यहुदी शिकवणुकीशी जुळते, ते तिथून उचलले असेल. जे नंतरच्या मंडळीच्या श्रद्धेशी जुळते, ते मंडळीने रचले असेल. दोहोंशी न जुळणारे तेवढे भरवशाचे. ऐकायला हे शास्त्रशुद्ध वाटते. पण हीच फूटपट्टी तुकोबांना लावून पाहा. ज्ञानोबा-नामदेवांशी जुळणारे सारे वगळा, पुढच्या वारकऱ्यांनी जपलेलेही सारे वगळा, आणि उरेल तेवढेच तुकोबांचे माना. काय उरेल? परंपरा नसलेला संत आणि शिष्यांना काहीच न शिकवलेला गुरू! येशूचे नेमके हेच झाले. तो यहुदी होता, यहुद्यांत वाढला, आणि त्याचे शब्द शिष्यांनी जपले. यात संशय घेण्यासारखे काय आहे?

दुसरा आक्षेप काळाचा. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील ट्यूबिंगनचे विद्वान फर्डिनांड बाउर यांनी योहानाचे शुभवर्तमान दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात लोटले, म्हणजे येशूनंतर सव्वाशे वर्षांहूनही पुढे. मग 1935 साली मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयातील पपायरसचा एक तुकडा प्रसिद्ध झाला. तो हाताच्या तळव्यात मावेल एवढाच आहे आणि त्यावर योहानातील पिलातापुढच्या चौकशीच्या काही ओळी आहेत. अक्षरवळणावरून तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला गेला. अलीकडचे काही अभ्यासक तो आणखी नंतरचाही असू शकेल म्हणतात, आणि ते ध्यानात ठेवायला हवे. पण श्रद्धा नसलेले बहुतेक संशोधकही आज हे शुभवर्तमान पहिल्या शतकाच्या अखेरीच्या आसपास ठेवतात. बाउर यांच्या तारखेकडे कोणी वळत नाही.

याच योहानाने जेरुसलेममधील बेथेस्दा कुंडाला पाच ओसऱ्या होत्या असे लिहिले. काही विद्वानांना ते मोशेच्या पाच ग्रंथांचे प्रतीक वाटले. पुढे उत्खननात तिथे भिंतीने विभागलेले जोडकुंड सापडले. चार बाजू आणि मधली भिंत धरली, की पाचांचा मेळ बसतो. लेखकाला ते शहर माहीत होते, एवढे तरी यावरून म्हणता येते.

पण माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार पुरावा पौलाचा आहे. गल्लियो नावाच्या रोमन अधिकाऱ्याचा उल्लेख असलेला शिलालेख ग्रीसमध्ये डेल्फीला सापडला. त्यावरून पौल करिंथात इसवी सन 51च्या सुमारास होता हे ठरवता येते. त्यानंतर तीन-चार वर्षांनी करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो त्यांना आठवण देतो, की मला जे सांगण्यात आले तेच मी तुम्हांला सांगितले : ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, पेत्राला आणि मग इतरांना दिसला. पौलाला हे कोणी सांगितले असावे? गलतीकरांच्या पत्रात तो लिहितो, की ख्रिस्ती झाल्यावर तीन वर्षांनी तो जेरुसलेमला पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. येशूला वधस्तंभावर दिले ते साधारणपणे इसवी सन 30 किंवा 33 साली. म्हणजे ही साक्ष शतकानंतरची नव्हे, काही थोड्या वर्षांतली आहे. गर्ड ल्युडेमान या जर्मन संशोधकाने श्रद्धा उघडपणे सोडली; शिष्यांना झाले ते भास होते, असे त्याचे मत. पण ही साक्ष पहिल्या दोन-तीन वर्षांतली आहे हे त्यालाही मान्य होते.

राहिला सम्राटाचा शिक्का. 'द दा विंची कोड' या 2003च्या कादंबरीने घराघरांत पोहोचवलेला समज असा, की येशूला देव ठरवले ते 325 सालच्या निकाया परिषदेने. परंतु इसवी सन 112च्या आसपास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. खरे काय ते काढण्यासाठी आपण दोन दासींचा छळ केला, हेही तो लिहितो. मंडळीत त्या सेविका होत्या. त्यांची नावे कोणी नोंदवली नाहीत. निकायाच्या दोनशे वर्षे आधी त्या ज्यासाठी छळ सोसत होत्या, ते पुढच्या एका सम्राटाने शोधून काढले, असे कसे म्हणायचे? निकायातला वाद येशू भक्तीस पात्र आहे की नाही हा नव्हता. तो पित्यासारखाच अनादी, की पित्याने निर्मिलेला, हा होता.

आमच्या बाजूनेही घाई होते, हे सांगायला हवे. मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातला तुकडा सापडल्याची दवंडी काही श्रद्धावान मंडळींनी 2012 साली पिटली. 2018 साली तो प्रसिद्ध झाला, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला निघाला. त्याच 2012 साली हार्वर्डच्या एका प्राध्यापिकेने येशूच्या पत्नीचा उल्लेख असलेला पपायरस जाहीर केला होता. तो बहुधा बनावट असल्याचे 2016 साली त्यांनाच मान्य करावे लागले. दोन्हीकडची गल्लत एकच : हवे ते ऐकले, की तपासणी सैल होते.

मग इतिहासाने पुनरुत्थान सिद्ध होते काय? नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. मृत माणूस उठूच शकत नाही, असे आधीच ठरवून बसलेल्याला कोणताही पुरावा पुरणार नाही. पण ते ठरवणे हा इतिहासाचा निष्कर्ष नव्हे, ती इतिहासात शिरण्यापूर्वीची भूमिका आहे. माझीही भूमिका आहे. फरक एवढाच, की मी तिला श्रद्धा म्हणतो.

आमच्या प्रेषितांच्या मतांगीकारात एका रोमन अधिकाऱ्याचे नाव आहे, पंतय पिलात. त्याचे नाव कोरलेला दगड 1961 साली कैसरियात सापडला. जी श्रद्धा आपल्या प्रार्थनेतच सुभेदाराचे नाव घेते, ती इतिहासाला घाबरत नाही. या आणि तपासा, असे ती सांगते. म्हणून मुलांनो, प्रश्न जरूर विचारा. फक्त जो प्रश्न पेत्राला, पौलाला आणि त्या दोन अनाम दासींना विचाराल, तोच मणी टाकणाऱ्यांनाही विचारा : तुम्हांला हे कशावरून कळले?