आधी प्रश्न, मग व्हिडिओ

बंगळुरूत मारतहळ्ळीच्या पुलापासून आउटर रिंग रोडच्या दोन्ही अंगांना वरच्या मजल्यांवर पाट्याच पाट्या दिसतात: जावा फुल स्टॅक, पायथन, टेस्टिंग, डेटा सायन्स. कॅम्पस प्लेसमेंट हुकलेली इंजिनीअर मुले-मुली देशभरातून येथे येतात, त्यांत आपल्या विदर्भ-मराठवाड्यातलीही असतात. पीजीत खाट घ्यायची, क्लासची फी भरायची आणि काही महिन्यांत नोकरी लागेल या आशेवर दिवस काढायचे. कोविडनंतर यातले बरेच वर्ग ऑनलाइनही चालू लागले. त्यामुळे क्लास दोन गल्ल्या पलीकडे असला तरी मुलगा खाटेवर बसून मोबाइलवर लेक्चर बघतो आणि अकोल्यात घरी असलेली मुलगीही तेच बघते. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून भरलेल्या फीचे चीज होणार की नाही, हे त्या पडद्यापुढे ठरते. म्हणूनच ऑनलाइन कसे शिकवावे, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांवर सोडून देण्याजोगा नाही.

ऑनलाइन वर्गातून विद्यार्थी गळतात, हे आता जगभर नोंदले गेले आहे. हार्वर्ड आणि एमआयटीने एडएक्स या ऑनलाइन मंचावर चालवलेल्या अभ्यासक्रमांच्या सहा वर्षांच्या नोंदी जस्टिन राइश आणि त्यांच्या सहकाऱ्याने तपासल्या आणि निष्कर्ष २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरांतले जेमतेम तीन जण शेवटपर्यंत पोचले. यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: फुकटात नाव नोंदवणारे पुष्कळ जण नुसते डोकावायला येतात, त्यांना गळालेले कसे म्हणायचे? मग पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांचाच हिशेब पाहू. त्यांच्यातलेही ४६ टक्केच पूर्णत्वाला गेले. पदरचे पैसे घातलेली अर्ध्याहून जास्त माणसे मध्येच थांबतात, तेव्हा सगळा दोष त्यांच्या आळसावर ढकलता येत नाही. माझ्या मते दोष क्रमात आहे. आधी चाळीस तासांचे व्हिडिओ, मग सराव, सर्वांत शेवटी प्रोजेक्ट. म्हणजे हे सगळे कशासाठी शिकायचे, ते कळायच्या आतच बहुतेकांचा धीर सुटलेला असतो.

हा क्रम उलटा करण्याचा प्रयोग जुना आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने १९६९ मध्ये विद्यार्थ्यांच्या लहान गटांपुढे सुरुवातीपासूनच रुग्णाची हकिगत ठेवली. आपल्याला काय माहीत नाही हे गटाने शोधायचे, ते शिकून परत यायचे आणि शिक्षकाने उत्तर न सांगता वाट दाखवायची. समस्याधारित शिक्षण म्हणतात ते हेच. आता जावाचा कोर्स घ्या. शेवटी हमखास येणारा प्रोजेक्ट म्हणजे ‘एम्प्लॉयी मॅनेजमेंट सिस्टिम’, तोही तयार कोड उतरवून केलेला. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात चौघांच्या गटाला विचारावे: पीजीच्या मेसमध्ये रात्री किती जण जेवणार, हे स्वयंपाक्याला संध्याकाळी पाचला कसे कळेल? रोज भात उरून फेकला जातो, नाहीतर उशिराच्या शिफ्टवरून येणारा उपाशी झोपतो. गटाला आधी स्वयंपाक्याशीच बोलावे लागेल आणि त्याला ॲप नको, पोळ्या किती लाटायच्या एवढा एकच आकडा हवा आहे, हे तेव्हा उमगेल. पुढे अडचणी आपोआप येतात. एकाने दोनदा ‘हो’ दाबले तर? पाचला दोन मिनिटे असताना चाळीस जणांनी एकदम उत्तर दिले तर मोजणी चुकेल का? या टप्प्यावर डेटाबेसमधल्या ट्रान्झॅक्शनवरचा व्हिडिओ दिला, की तो कोणी दुप्पट वेगाने पळवत नाही. तो थांबवून आणि मागे नेऊन पाहिला जातो, कारण त्याच जागी घोडे अडलेले असते.

याविरुद्धचा सर्वांत भक्कम युक्तिवाद २००६ मध्ये पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी केला. नवशिक्याची कार्यकारी स्मृती तोकडी असते. त्याला मार्गदर्शनाशिवाय समस्येत सोडले तर सगळी शक्ती चाचपडण्यात जाते, असे त्यांचे म्हणणे. ते खरे आहे आणि दुर्लक्षून चालणार नाही. ज्याला लूप लिहिता येत नाही त्याला मेसचा प्रश्न देऊन गायब होणे ही शिकवणी नव्हे. पण दुसऱ्याच वर्षी सिंडी मेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की नीट चालवलेल्या समस्याधारित वर्गात मार्गदर्शन भरपूर असते, फक्त ते गरजेच्या वेळी येते. त्याआधी २००३ मध्ये फिलिप डोशी आणि सहकाऱ्यांनी ४३ अभ्यासांचा आढावा घेतला होता. माहितीच्या चाचण्यांत या पद्धतीचे विद्यार्थी किंचित मागे, ज्ञान वापरण्यात स्पष्टपणे पुढे आणि शिकलेले जास्त काळ लक्षात ठेवणारे, असा त्याचा कौल होता. म्हणून मूलभूत गोष्टी सोडवलेल्या उदाहरणांसह सरळ शिकवाव्यात, पण त्या मोठ्या प्रश्नाच्या पोटात बसवून.

क्लासचालक म्हणतील, मुलांना मुलाखतीचे प्रश्न हवे असतात, गटात वाद घालायला त्यांच्याकडे वेळ कुठे आहे? पाठ केलेली उत्तरे पहिल्या फेरीला पुरतात. पुढच्या फेरीत ‘तुमच्या प्रोजेक्टमध्ये हे असेच का केले’ असे विचारले, की उतरवलेला कोड मदतीला येत नाही. एआयने काही सेकंदांत कोड लिहून मिळू लागल्यापासून तर हे ‘का’ अधिकच मोलाचे झाले आहे. खुद्द विद्यार्थीही कुरकुर करतील, याची मात्र तयारी ठेवावी लागेल. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतः धडपडून शिकलेल्यांना आपण कमी शिकलो असे वाटत होते. चाचणीत मात्र ते सरस ठरले. सफाईदार लेक्चर ऐकताना सगळे कळल्याचा भास होतो आणि ऑनलाइन क्लासला तारे मिळतात ते या भासावर. केवळ रेटिंग बघून क्लास निवडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

सरकारी बाजूलाही क्रम तोच आहे. सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरून घेण्याची मुभा विद्यापीठांना आहे. त्यावरच्या एनपीटेल अभ्यासक्रमांत साधारणपणे साप्ताहिक स्वाध्यायांना २५ गुण आणि अखेरच्या परीक्षेला ७५. स्वाध्यायही बहुतांशी पर्याय निवडण्याचे. यापेक्षा वेगळे करता येते, हे आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर, साहना मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे. त्यांच्या विद्यार्थीकेंद्री आराखड्यात व्हिडिओ मध्येच थांबतो, बघणाऱ्याने आपले उत्तर लिहायचे आणि मगच पुढे जायचे. ही पायरी लहान आहे, पण दिशा बरोबर आहे. स्वाध्यायांचे निम्मे गुण जरी गटाने सोडवलेल्या स्थानिक प्रश्नाला आणि त्यावरच्या दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेला दिले, तरी चित्र पालटू लागेल.

अडचण खर्चाची आहे आणि ती खरी आहे. व्हिडिओ एकदा बनवला की हजारांना दाखवता येतो. गटाचे ऐकून घेणारा, योग्य जागी टोकणारा मार्गदर्शक मात्र हजारांना पुरत नाही. मारतहळ्ळीत तरी असा माणूस मिळणे अशक्य नाही, दोन-चार वर्षे कंपनीत काढलेले इंजिनीअर तिथे गल्लोगल्ली राहतात. त्यांना शनिवारी दोन गटांसाठी मोबदला देऊन बोलावले, तर फी थोडी वाढेल, हे कबूल. आज जाहिरातीत किती तासांचे रेकॉर्डिंग आणि किती जणांना प्लेसमेंट हे ठळक छापलेले असते. एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी आणि पहिला प्रश्न कोणत्या आठवड्यात हाती येतो, हे छापलेले नसते. फी भरण्याआधी पालकांनी हे दोन आकडे लेखी मागावेत.