यंत्राला जीभ नसते

डाळ-तांदूळ निवडणे हे आपल्या घरातले एके काळचे रोजचे काम. सूप पुढ्यात घ्यायचे आणि खडा, काडी, किडका दाणा वेचून काढायचा. आज पिशवीतली डाळ बहुतेक घरांत धुऊन थेट कुकरमध्ये जाते, कारण निवडण्याचे काम गिरणीतल्या यंत्राने पत्करले आहे. उतरत्या पन्हळीवरून दाणे घरंगळत येतात, कॅमेरा ते टिपतो आणि डागी दाणा हवेच्या झोताने बाजूला उडवला जातो. पूर्वी हे यंत्र प्रामुख्याने रंगावरून निवड करी. आता चांगल्या-वाईट दाण्यांची असंख्य छायाचित्रे दाखवून त्याला भेद शिकवता येतो. खाद्यउद्योगात शिरलेली कृत्रिम बुद्धिमत्ता ती हीच.

तिच्याकडे पाहून नाके मुरडण्याचे कारण नाही. दिवसभर निवडून माणसाचे डोळे शिणतात, यंत्राचे शिणत नाहीत. परंतु निवडणे वेगळे आणि काय खावे हे सांगणे वेगळे.

२०२३ साली न्यूझीलंडमधल्या ‘पॅकन्सेव्ह’ या दुकानांच्या साखळीने ग्राहकांसाठी एक संगणकीय मदतनीस सुरू केला. घरात उरलेले जिन्नस कळवा, तो पाककृती सुचवील. अन्न वाया जाऊ नये, हा हेतू चांगलाच होता. एकाने परीक्षा पाहण्यासाठी पाणी, अमोनिया आणि ब्लीच अशी नावे कळवली. मदतनिसाने त्यांचे चक्क ‘सुगंधी’ पेय सुचवले! ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी शोभतो, हे त्या यंत्राला ठाऊक होते. तो घोट पोटात गेल्यावर काय होईल, हे ठाऊक नव्हते. त्याला ना जीभ, ना पोट!

त्याहून चिंतेची बाब पुढेच आहे. या पाककृती कोणा माणसाने तपासलेल्या नाहीत, अशी सूचना तिथे देण्यात आली. म्हणजे पाककृती दुकानाची आणि जोखीम खाणाऱ्याची! खानावळीच्या दारावर ‘आमची भाजी कोणी चाखलेली नाही’ अशी पाटी असती, तर आपण आत पाऊल टाकले असते का?

आपल्याकडच्या २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात या बाबतीत एक शहाणपणाची तरतूद आहे. कंपनीने आपल्या आस्थापनेतल्या अन्नसुरक्षेसाठी जबाबदार व्यक्ती नेमावी आणि गुन्हा घडल्यास तिला उत्तरदायी धरावे, असे हा कायदा सांगतो. यंत्राला शिक्षेचे भय नसते, अब्रूचीही चाड नसते. म्हणून यंत्र कितीही हुशार झाले, तरी ती व्यक्ती हटता कामा नये. साध्या कॅमेऱ्याला दाण्याचे रूप दिसते, त्यात मुरलेला कीटकनाशकाचा अंश दिसत नाही. प्रयोगशाळेतली तपासणी आणि तिच्या अहवालाखालची सही यांना म्हणूनच पर्याय नाही.

थोडी सावधगिरी आपणही बाळगायला हवी. तान्ह्या बाळाचा पहिला घास, मधुमेही आजोबांचे पथ्य, गर्भवती सुनेचा आहार यांविषयी भ्रमणध्वनी क्षणात सल्ला देतो. तो जरूर वाचावा. पण डॉक्टरांना, घरातल्या जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय ताटात वाढू नये. अन्न शिजवणाऱ्याने आधी चव पाहावी आणि वाढलेल्या घासाची जबाबदारी घ्यावी, हा स्वयंपाकघरातला जुना नियम आहे. कारखान्यांनाही तोच लागू व्हायला हवा.