अक्षर कोणी घडवले?

दिवाळी अंकाची श्रेयनामावली वाचली की कळते, मुखपृष्ठ कोणाचे, आतली चित्रे कोणाची, शीर्षकांचे सुलेखन, मांडणी, मुद्रितशोधन, छपाई कोणाची. दोन-अडीचशे पानांचा मजकूर ज्या अक्षरात वाचायचा, ते अक्षर कोणी रेखले याचा उल्लेख मात्र सहसा नसतो. मुखपृष्ठावर नजर मिनिटभर रेंगाळते, अक्षरावर महिनाभर. मराठी माणसाच्या रोजच्या वापरात असंख्य घडीव वस्तू येतात, पण वर्तमानपत्रापासून वीजबिलापर्यंत आणि एसटीच्या पाटीपासून मोबाइलपर्यंत सतत सोबत असते ते देवनागरी अक्षर. तेही कोणीतरी विचारपूर्वक घडवलेले असते.

का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तोवर मुंबईच्या देवनागरी छपाईने चांगलेच बाळसे धरले होते. त्यात मोठा वाटा जावजी दादाजी चौधरी यांचा. लहान वयात ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले, खिळ्यांचे काम तिथे शिकले आणि पुढे स्वतःची टाइप फाउंड्री उभारून १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू हे त्यांचे कुशल सहकारी. त्या काळी अक्षर घडवायचे म्हणजे आधी पोलादी कांबीच्या टोकावर ते उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या जागेत ‘क्ष’ची गाठ बसवायची आणि ती शाईने बुजू द्यायची नाही! शिवाय काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे धरून देवनागरीला शेकडो खिळे लागत. जुळाऱ्याचा हात दिवसभर त्या खणांवरून फिरत असे. हा पसारा कमी व्हावा म्हणून टिळकांनी प्रयत्न केले, सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली. निर्णयसागरने मात्र आपल्या अक्षराचे देखणेपण कमी होऊ दिले नाही. तिथे छापलेले संस्कृत ग्रंथ काशीच्या पंडितांपासून युरोपातल्या अभ्यासकांपर्यंत पोचले.

शीर्षकाच्या अक्षरांचे नशीब थोडे बरे निघाले. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला आणि दिवाळी अंकाच्या देखणेपणाची एक रीतच पाडली. कमल शेडगे यांची अक्षरे तर नाटकाच्या जाहिरातीत आधी बोलत. वर्तमानपत्राच्या अर्ध्या रकान्यातले शीर्षक पाहूनच नाटक ऐतिहासिक की फार्स, हे प्रेक्षकाला समजे. शेडगे २०२० मध्ये गेले, तेव्हा रसिकांनी त्यांची आठवण काढली ती नावानिशी. मजकुराचे अक्षर घडवणाऱ्याच्या वाट्याला असे प्रेम क्वचित येते.

र. कृ. जोशी यांनाही ते पुरेसे मिळाले नाही. कवी, जाहिरात क्षेत्रातले सुलेखनकार, पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले शिक्षक अशा अनेक नात्यांनी ते अक्षरांपाशी राहिले. वेलकमग्रुप हॉटेलांचे नमस्काराच्या हातांचे बोधचिन्ह त्यांचे. आणि विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ हा फॉन्टही त्यांचाच. त्याआधी संगणकावरची देवनागरी म्हणजे ज्याचा त्याचा सवतासुभा होता; एका यंत्रावर टाइप केलेला लेख दुसऱ्या यंत्रावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसायची. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक दिला आणि ‘मंगल’ने त्या क्रमांकांना पडद्यावर रूप दिले. तेही अशा काळात, जेव्हा पडद्याचे ठिपके जाडेभरडे होते आणि एका अक्षराच्या वाट्याला त्यातले मोजकेच येत. मराठीत पहिला ईमेल लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी जोशींचेच अक्षर वापरले, त्यांचे नाव ठाऊक नसताना.

आज पडदे सुधारले, फॉन्टही भरपूर झाले. मराठी वळणाची काळजी मात्र अजून अपुरी आहे. नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ निश्चित केले. शाळेत मूल दोन पाकळ्या जुळवून ‘ल’ गिरवते आणि घरी मोबाइलवर उजवीकडे उभा दंड असलेला हिंदी वळणाचा ‘ल’ वाचते. यात तंत्रज्ञान तोकडे पडते असेही नाही. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणे आधीच ठेवलेली आहेत. पानाच्या आतल्या नोंदीत भाषा मराठी आहे असे सांगितले, म्हणजे ‘एमआर’ ही दोन रोमन अक्षरांची खूण लिहिली, की ती आपोआप पुढे येतात. कितीतरी संकेतस्थळांवर मजकूर मराठी असतो आणि नोंद इंग्रजीची. एका शब्दाच्या दुरुस्तीसाठी मराठीचा ‘ल’ खोळंबून राहावा, याचे वाईट वाटते.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्त’सारखा मजकुराचा आणि ‘मोदक’सारखा गुबगुबीत, आतली पोकळी जेमतेम उरलेला शीर्षकाचा फॉन्ट सर्वांना मोफत उपलब्ध करून दिला आहे. त्यांच्या कर्त्यांची नावे फॉन्टसोबतच नोंदवलेली असतात. प्रकाशकांनी फक्त ती उतरवून घ्यायची आहेत.

उरला प्रश्न ॲप बनवणाऱ्यांचा. ‘मूर्तींचे’ हा शब्द पाहा. एकट्या ‘त’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तर ‘म’च्या पायाशी दीर्घ ऊकार. रोमन अक्षरांच्या मापाने ओळीची उंची ठरवली की वरचा अनुस्वार छाटला जातो, खालचा ऊकार बटणाच्या कडेत बुडतो आणि वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसावे लागते. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या ॲपमध्ये असा अंदाज महागात पडू शकतो, विशेषतः ज्यांना इंग्रजीचा आधार नाही अशा वडीलधाऱ्यांना. पुण्यामुंबईत सॉफ्टवेअर घडवणारे हजारो हात मराठी आहेत. त्यांनी चाचणीसाठी ‘नाव’, ‘पत्ता’ असे सुटसुटीत शब्द न घेता ‘मूर्तींचे’, ‘विद्यार्थ्यांनी’, ‘दऱ्याखोऱ्यांत’ हे शब्द घ्यावेत, ओळीची उंची त्यांना पुरेल इतकी वाढवावी आणि मगच नवी आवृत्ती लोकांच्या हाती द्यावी.