किन्हीराजा : अक्षरे चार की दहा?

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात किन्हीराजा नावाचे गाव आहे. या नावात अक्षरे किती? कि, न्ही, रा, जा. चार. पहिलीतले मूलही हेच सांगेल. पण जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञावलीला या नावाची लांबी विचारा, उत्तर येते दहा!

असे का व्हावे? संगणक शब्द साठवतो तो ओळीने मांडलेल्या खणांत. अशा खणांच्या रांगेला ॲरे म्हणतात. पहिल्या खणाचा क्रमांक शून्य. रांगेतील एकेका खणापाशी जाऊन तेच काम पुन्हा पुन्हा करायचे, ते संपले की थांबायचे, या आज्ञेला लूप म्हणतात. आता आपल्या गावाचे नाव खणांत पाहा : क, वेलांटी, न, हलन्ताची खूण, ह, दुसरी वेलांटी, र, काना, ज, काना. झाले दहा खण, क्रमांक ० ते ९.

यात संगणकाचा मूर्खपणा नाही, हेही सांगितले पाहिजे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य तक्त्याला १२८ जागा आहेत. प्रत्येक व्यंजनाची बाराखडी आणि शिवाय सगळी जोडाक्षरे यांना वेगवेगळी जागा द्यायची तर हजारोंनी लागतील. म्हणून सुटे भाग साठवायचे आणि पडद्यावर जुळवून दाखवायचे, ही युक्ती चांगलीच आहे. आमच्या पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर अणू साठवले आहेत, आपण वाचतो ते रेणू. घोटाळा होतो तो अणू मोजून रेणू मोजले असे समजल्याने.

तो घोटाळा किती दूर जातो पाहा. शब्द उलटा करण्याचा सराव प्रत्येक संगणकवर्गात देतात. लूप शेवटच्या खणापासून मागे येते. किन्हीराजा या नावाचे होते 'ाजारीह्निक'. सुरुवातीलाच निराधार काना, आणि बाकीच्या मात्रा शेजारच्या अक्षरांना चिकटलेल्या! 'ती होडी जाडी होती' हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते, हे तुम्हांला ठाऊक आहे. आज्ञावली पहिला खण शेवटच्या खणाशी ताडून पाहते, 'त' आणि वेलांटी जुळत नाहीत, आणि ती बजावते : नाही, हे तसे वाक्य नव्हे. मालेगाव आणि किन्हीराजा या दोन्ही नावांत अक्षरे चारच. पण खण एकात सात, दुसऱ्यात दहा. अर्जातील रकान्यात चारच खण मावत असतील तर गावाचे उरते 'किन्'. हेच एखाद्या मुलीच्या नावाचे झाले तर?

जावास्क्रिप्ट १९९५ साली निर्माण झाली. तिच्यातील लांबी म्हणजे १६ बिटांच्या खणांची संख्या. त्यामुळे मोबाइलवरचा हसरा चेहरा ती दोन मोजते. २०१५ मध्ये 'फॉर-ऑफ' हे नवे लूप आले. ते अशा चिन्हाला एकच धरते. हसऱ्या चेहऱ्याची सोय झाली, आपल्या वेलांटीची मात्र झाली नाही! 'फॉर-ऑफ' चालवले तरी किन्हीराजाचे तुकडे दहाच. त्यासाठी 'सेगमेंटर' नावाचे निराळे साधन लागते. २०२४ पासून ते सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. जुन्या नियमाने 'न्' आणि 'ही' वेगळे पडत, म्हणजे उत्तर पाच. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये आला, तेव्हा कुठे चार मिळाले.

म्हणून माझे मत असे की, आपल्या शाळांत लूपचा पहिला धडा मराठी शब्दावर द्यावा. काही शिक्षक म्हणतील, नवशिक्याला कशाला गोंधळात टाकायचे? इंग्रजी शब्दात एक अक्षर, एक खण, सोपे पडते. सोपे पडते खरे, पण त्या सोपेपणात मुख्य प्रश्नच दडून जातो : लूप एकेक म्हणून जे उचलते ते नेमके काय? हा प्रश्न न विचारताच मूल पाठ्यपुस्तक संपवते, पुढे नोकरीला लागते, आणि अर्जाचा तो रकाना त्याच्याच हातून बनतो. मराठी शब्द घेतला की प्रश्न पहिल्याच तासाला समोर येतो. शिवाय शिकवणाऱ्यालाही उत्तर शोधावे लागते, हा काही तोटा नव्हे.

संगणक हाताशी नसला तरी चालेल. फोनवर किन्हीराजा लिहून खोडण्याची कळ एकेकदा दाबा. बहुतेक फोनांवर आधी नुसता काना जाईल, मग ज. नंतर वहीत मेडशी, शिरपूर आणि राष्ट्र या शब्दांचे खण आखा. राष्ट्रचे सात आले पाहिजेत. न आल्यास हलन्ताच्या खुणा पुन्हा मोजा.