दोनशे तासांची किंमत

बारावीचा निकाल लागला की ‘पायलट व्हायला किती लागतात?’ हा प्रश्न आता शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, एसटीतल्या वाहकाच्या घरातही विचारला जातो. पूर्वी उत्तर ऐकून विषय तिथेच संपे. आता संपत नाही. सातबारा बाहेर निघतो, फ्लॅटचे कागद बँकेत जातात, मामांना फोन होतो. परवाना मिळेपर्यंतच्या उड्डाण प्रशिक्षणाला साधारण ४० ते ५५ लाख, त्यानंतर एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांसारखे ठरावीक विमान चालवण्याची पात्रता, म्हणजे ‘टाइप रेटिंग’ मिळवायला आणखी १५ ते २५ लाख. राहणे, जेवणे, पुस्तके, परीक्षा शुल्क वेगळे. मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात एकदाच घर घेतो, तेवढी ही रक्कम आहे आणि ती अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलीच्या नावावर लावली जाते.

एवढे धाडस करायला बळ मिळते ते मोठ्या आकड्यांमुळे. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची खरेदी जाहीर केली. त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० विमाने मागवली. अकासाने जानेवारी २०२४ मध्ये १५० नोंदवली. पुढच्या १५-२० वर्षांत देशाला ३० हजार वैमानिक लागतील, असे केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी सांगितले आहे. या आकड्यांवर शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्यांच्या आधारे पालकांच्या गळी उतरवल्या जाणाऱ्या वाक्यावर: परवाना हातात आला की नोकरी दारात उभी. हे वाक्य अर्धे खरे आहे आणि अर्ध्या सत्यापायी घरे गहाण पडत आहेत.

टंचाई नेमकी कुणाची, हे डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात साऱ्या देशाने पाहिले. ५ डिसेंबरला एकट्या इंडिगोची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. लग्नाला निघालेले, दवाखान्यात निघालेले, परीक्षेला निघालेले लोक विमानतळाच्या फरशीवर झोपले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आली आणि आठवड्यातल्या रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर. हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते, म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती. नियम योग्यच आहेत. थकलेल्या डोळ्यांनी रात्री दोन वाजता विमान उतरवणाऱ्या माणसाच्या मागे पावणेदोनशे जीव बसलेले असतात. मात्र त्या आठवड्यात नवे परवाने घेतलेले हजार तरुण विमानतळाच्या दारात येऊन उभे राहिले असते, तरी एकही उड्डाण वाचले नसते. हवे होते ते त्या जातीच्या विमानावर तयार झालेले वैमानिक आणि त्यातही कॅप्टन. कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत बसायला वरच्या दर्जाचा परवाना लागतो, त्यासाठी वयाची २१ वर्षे आणि १,५०० तासांचे उड्डाण लागते आणि तिथवर पोचायला उजव्या खुर्चीत काही वर्षे काढावी लागतात. वर जागा रिकाम्या आहेत, खाली रांग लागली आहे आणि मधल्या पायऱ्या अरुंद आहेत.

रांग केवढी, तेही पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे ‘डीजीसीए’ने २०२२ मध्ये १,१६५, २०२३ मध्ये १,६२२ आणि २०२४ मध्ये १,३४२ व्यावसायिक परवाने दिले. परवान्यांचे हे आकडे दरवर्षी बातमीत झळकतात. त्यांतले किती जण दोन वर्षांच्या आत कॉकपिटमध्ये बसले, हा आकडा मात्र तेवढ्या ठळकपणे कधी समोर येत नाही. पालकाला खरी गरज याच आकड्याची आहे.

हा परवाना मिळतो कसा? बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. कला-वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनाही वाट मोकळी करावी, असा विचार डीजीसीएच्या पातळीवर झाला आहे. आमचा त्याला विरोध नाही. लागणारे गणित कुणीही मेहनतीने शिकू शकतो आणि राहिलेले विषय मुक्त विद्यालयातून देऊन अनेकांनी ते सिद्धही केले आहे. पण दार रुंद करताना आतल्या जागा वाढल्या नाहीत, तर गर्दी तेवढी वाढेल. त्यानंतर येतात लेखी परीक्षा: हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचे तांत्रिक ज्ञान. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण लागतात. रेडिओवरील संभाषणाचा परवाना वेगळा. ही सगळी कसोटी अभ्यासाची आहे आणि अभ्यासाला आपली मुले डरत नाहीत. खरी कसोटी धावपट्टीवर लागते, २०० तासांची.

पहाटे साडेपाचला एखाद्या जिल्ह्याच्या धावपट्टीच्या कडेला उभे राहावे. दोन आसनी सेस्ना दवाने ओली असते. प्रशिक्षणार्थी मुलगी पंखाखाली वाकते, टाकीच्या तळाच्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात घेते आणि पेला उजेडाकडे धरते. हे इंधन निळसर असते. त्यात पाणी असेल तर ते तळाला बसते आणि त्यातली रेघ लगेच दिसते. मग ती तेलाची पट्टी ओढून पाहते, पंखावरचे झुलते भाग हाताने हलवते, चाकांभोवती फिरते. इतके सगळे करून ती थांबते, कारण समोरच्या टेकडीवर धुके आहे. सात वाजतात, आठ वाजतात. धुके निवळते तोवर एकुलते एक प्रशिक्षक दुसऱ्या मुलाला घेऊन वर गेलेले असतात. दहानंतर वारा आडवा वाहू लागतो, जमीन तापते, हलके विमान हिंदकळू लागते. फळ्यावरच्या तिच्या नावापुढे काट मारली जाते. ४५ लाख शुल्क २०० तासांवर भागले, तर दर तासाला साडेबावीस हजार रुपये पडतात, म्हणजे मिनिटाला ३७५. आज त्यातले एकही मिनिट तिच्या लॉगबुकात चढले नाही. वसतिगृहाचे भाडे आणि कर्जाचे व्याज मात्र चढले.

अशा सकाळी ओळीने येतात, तेव्हा दीड वर्षाचा अभ्यासक्रम अडीच-तीन वर्षांवर जातो. पावसाळ्याचे चार महिने तर उड्डाणाचा भरवसाच नसतो. शिवाय अडचणी ठाऊक असूनही न सुटलेल्या: सुटे भाग परदेशातून येईपर्यंत उभी राहिलेली विमाने आणि सर्वांत मोठी म्हणजे प्रशिक्षकांची चणचण. शिकवणाऱ्या वैमानिकाला विमान कंपनीत नोकरी मिळाली की तो जातो आणि त्याला दोष देता येत नाही. तिथे पगार कितीतरी जास्त असतो. शाळा मात्र मास्तराविना चालू राहते.

या दोनशे तासांत काय काय बसते, तेही पाहा. निदान १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या हाती, म्हणजे प्रमुख वैमानिक म्हणून. त्यात ३०० सागरी मैलांचा, दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेला प्रवास. रात्रीचे किमान पाच तास, त्यात दहा उड्डाणे आणि दहा लँडिंग. बाहेर न पाहता केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव. यातला प्रत्येक तास पुढे कधीतरी, ढगात अडकलेल्या एखाद्या रात्री, कुणाच्या तरी जिवाच्या कामी येणार असतो. म्हणूनच लॉगबुकातली खोटी नोंद हा साधा लबाडीचा गुन्हा मानता येत नाही. विमानात न बसता पेनाने भरलेल्या तासांना वैमानिकांच्या बोलीत ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात. २०११ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एक प्रवासी विमान आधी पुढच्या चाकावर टेकले आणि चौकशीत त्या वैमानिकाची गुणपत्रिकाच बनावट निघाली. पुढे देशभर तपासणी झाली, अटका झाल्या. प्रशिक्षणातले अपघातही थांबले नाहीत: मार्च २०२३ मध्ये गोंदियाहून उडालेले प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळून दोघांचा जीव गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीजीसीएने उड्डाण शाळांची पहिली श्रेणी-यादी काढली, तेव्हा वरच्या श्रेणींत एकही शाळा बसली नाही. १३ शाळा ‘ब’मध्ये आणि २२ ‘क’मध्ये. लाखो रुपये आगाऊ घेणाऱ्या शाळांबद्दल पालकाला एवढे अधिकृतपणे कळायला २०२५ उजाडावे लागले. यादी निघाली, हे फार चांगले झाले. ती दर सहा महिन्यांनी निघाली पाहिजे आणि प्रत्येक शाळेच्या नावापुढे तीन आकडे असले पाहिजेत: उडण्याजोगी विमाने किती, प्रशिक्षक किती आणि २०० तास पूर्ण व्हायला विद्यार्थ्याला सरासरी किती महिने लागले.

परवान्यानंतरची वाट आणखी बिकट आहे. कंपन्यांच्या ‘कॅडेट’ योजनेत आधीच निवड झालेल्यांना बऱ्यापैकी शाश्वती असते, पण त्या योजनेचे शुल्क सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचे आहे. बाकीच्यांनी कोणत्या विमानाचे टाइप रेटिंग घ्यायचे, हा निर्णय अंदाजावर घ्यायचा असतो. अंदाज चुकला तर वीस लाख वाया. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दोन्ही वेळा अनुभवी वैमानिक नव्या मुलांच्या रांगेत त्यांच्या पुढे येऊन उभे राहिले. पन्नास लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता ६९ हजारांच्या आसपास जातो. नोकरी लागलेल्या वैमानिकाला तो जड नाही. परवाना घेऊन दोन वर्षे घरी बसलेल्या मुलाच्या वडिलांना तो पेलवत नाही. तो मुलगा जेवणाच्या ताटावर मान खाली घालून बसतो, नातेवाइकांकडे जाणे टाळतो. त्याचा काडीचा दोष नसतो.

हे सारे सांगताना कुणाला आकाशापासून परतवण्याचा आमचा हेतू नाही. हा व्यवसाय उत्तम आहे आणि पुढची वीस वर्षे भारतात त्याला मागणी राहणार, यात शंका नाही. जगात वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असताना भारतात ते सुमारे १५ टक्के आहे. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये कोलकाता-सिल्चर मार्गावर पूर्णपणे महिलांच्या चमूचे विमान नेले, तेव्हा इथवर येऊ असे फार थोड्यांना वाटले असेल. वाट चांगली आहे. तिच्यावरची सगळी जोखीम एकट्या कुटुंबाने उचलावी, हे मात्र अन्यायाचे आहे.

मुंबईत १९२८ मध्ये फ्लाइंग क्लब उभा राहिला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जेआरडी टाटांना देशातला पहिला परवाना मिळाला. त्या काळचे क्लब सरकारी मदतीवर चालत. उडायला शिकवणे ही सार्वजनिक गरज आहे, असे परक्या सरकारलाही वाटत होते. आज केंद्राने काही पावले टाकली आहेत: मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षणावर जीएसटी नाही, हे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. पिस्टन इंजिनाच्या विमानांचे इंधन २०२२ पासून देशात तयार होऊ लागले. जळगावसह पाच विमानतळ प्रशिक्षणासाठी खुले झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत, पण शुल्क त्यांनी खाली आलेले नाही.

महाराष्ट्राच्या हातात तर याहून मोठे साधन आहे. लातूर, यवतमाळ, धाराशिव इथल्या धावपट्ट्या २००९ मध्ये खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिल्या गेल्या आणि प्रवासी विमानांची वाट पाहण्यात वर्षे गेली. मराठवाड्यात पाऊस कमी आणि मोकळे आकाश भरपूर. प्रशिक्षणाला याहून सोयीची जागा कुठली? अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडिया वर्षाला १८० वैमानिक घडवणारी शाळा उभारत आहे. त्यातल्या काही जागा राज्याने आपल्या मुलांसाठी शिष्यवृत्तीवर राखून घ्याव्यात. लातूर-धाराशिवला सरकारने स्वतःची शाळा काढावी आणि तिथे प्रशिक्षकांना नियमित वेतनश्रेणी द्यावी, म्हणजे ते टिकतील. शैक्षणिक कर्जाला राज्याने हमी द्यावी, म्हणजे सातबारा घरातच राहील. उड्डाण शाळांनी शुल्क एकरकमी न घेता उडालेल्या तासांप्रमाणे घ्यावे, हा नियम डीजीसीएने येत्या शैक्षणिक वर्षापासून करावा. त्याला ना नवा कायदा लागतो, ना खजिन्यातला रुपया.

तोवर या जूनमध्ये फॉर्म भरणाऱ्या पालकांना एक विनंती. पहिला हप्ता भरण्याआधी मुलाची किंवा मुलीची ‘क्लास वन’ वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंगांधळेपणा, कानाचा किंवा हृदयाचा दोष अर्धे पैसे भरून झाल्यावर कळलेली घरे आहेत. आणि शाळा निवडताना माहितीपत्रकावर विसंबू नका. एका पहाटे तिथल्या धावपट्टीवर जाऊन उभे राहा आणि दहा वाजेपर्यंत किती विमाने उडाली, ते स्वतः मोजा.